‘थोडी घेतली तर औषध’ : किती खरे, किती खोटे?

(म्हैसूर येथील बोगादी भागात मराठी भाषक कामगारांच्या अभ्यासवर्गात आरोग्य समितीच्या वतीने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोणी बेळगावकडून नोकरीसाठी आलेले, कोणी कोल्हापूर-सोलापूरकडचे, तर कोणाची तिसरी-चौथी पिढी म्हैसुरातच वाढलेली. घरात मराठी, खात्यात कन्नड आणि सभेत दोन्ही, असा आपला रिवाज आहे. आजचा विषय मात्र असा आहे की तो कोणत्याही भाषेत काढला तरी अर्धी सभा हसते आणि उरलेली अर्धी खाली मान घालते. विषय दारूचा आहे.

आम्ही इथे कीर्तन करायला आलेलो नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. दारू वाईट, ती सोडा, एवढेच सांगायचे असते तर एका फलकावर लिहून भागले असते. जो अजिबात घेत नाही आणि जो रोज घेऊन पडतो, त्या दोघांविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो मधल्या माणसाविषयी. “मी काही दारुडा नाही, प्रमाणात घेतो, आणि थोडी घेतली तर हृदयाला चांगली असते असे डॉक्टरही म्हणतात,” असे म्हणणारा हा माणूस आपल्यात पुष्कळ आहे. त्याचे म्हणणे खरे आहे का, एवढेच आज तपासायचे आहे.

चूक आमचीही आहे

हा विषय आम्ही का घेतला, ते सांगणे भाग आहे. आमच्या कार्यालयात दुपारच्या सुट्टीत वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका दुपारी, रोज थोडे मद्य घेणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो, अशी एक बातमी आम्ही वाचून दाखवली. सगळे हसले. कोणीतरी म्हणाले, “मग युनियनने आता दूधभत्त्याऐवजी हाच भत्ता मागावा.” आम्हीही हसलो आणि पुढच्या बातमीकडे वळलो.

ऐकणाऱ्यांत आमचे एक ज्येष्ठ सहकारी होते. वय पन्नाशीच्या पुढे, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. तोवर ते दसऱ्याला किंवा एखाद्याच्या निरोप समारंभाला तेवढी घेत. वडील हृदयविकाराने गेलेले असल्यामुळे ती धास्ती मनात होती. त्या दिवसापासून त्यांनी रोज रात्री साठ मिली औषध म्हणून सुरू केले. घरी सांगितले, “युनियनमध्ये वाचून दाखवले आहे.” वर्षभरात साठाचे नव्वद झाले, पुढे क्वार्टर. गोळ्या मात्र कधी घेतल्या, कधी राहिल्या. शेवटी एके पहाटे पहिल्या पाळीला निघताना उजवा हात उचलेना आणि जीभ जड झाली. पक्षाघात झाला होता.

तो दारूमुळेच झाला असे आम्ही म्हणत नाही. रक्तदाब जुना होता, गोळ्या अनियमित होत्या, रात्रपाळ्या होत्या. कोणत्या कारणाचा वाटा किती, हे एका माणसाच्या बाबतीत कोणी सांगू शकत नाही. पण त्यांच्या पत्नीने आम्हाला एक प्रश्न विचारला, “तुम्ही वाचून दाखवले, ते खरे होते का?” त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधायला आम्ही बसलो आणि जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवत आहोत.

ही गोष्ट आली कुठून?

थोडी दारू आयुष्य वाढवते, हा विचार कालचा नाही. अमेरिकेत दारूबंदी चालू असताना, १९२६ साली, रेमंड पर्ल या शास्त्रज्ञाने एक ग्रंथ प्रसिद्ध केला. बाल्टिमोर शहरातील कामगार कुटुंबांची माहिती गोळा करून त्याने मांडले की भरपूर पिणारे लवकर मरतात, पण बेताने पिणारे अजिबात न पिणाऱ्यांपेक्षा कमी जगतात असे दिसत नाही, उलट थोडे अधिकच जगतात. म्हणजे या कथेच्या मुळाशी कामगारांचीच आकडेवारी आहे.

पुढे नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम झाला. फ्रान्समधील लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी त्यांना हृदयविकार कमी का, असा त्याचा विषय होता. सर्ज रनो या फ्रेंच संशोधकाने याचे श्रेय तांबड्या वाइनला दिले. अमेरिकेत तांबड्या वाइनचा खप एकदम वाढला आणि ती बातमी जगभर फिरली. आपल्याकडे येईपर्यंत तिच्यातली वाइन गळून गेली आणि ‘दारू’ तेवढी उरली. आपल्याकडची बहुतेक व्हिस्की-रम उसाच्या मळीपासून काढलेल्या मद्यार्काची असते. द्राक्षाच्या सालीतील ज्या द्रव्यांची त्या वेळी एवढी चर्चा झाली, ती तिच्यात येणार कुठून?

कायद्यानेही या समजुतीला हातभार लावला आहे. ज्यांचे गाव महाराष्ट्रात आहे, त्यांना दारूचा परवाना माहीत असेल. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली हा परवाना मिळतो आणि तो आरोग्य टिकवण्यासाठी मद्याची गरज आहे, या कारणाने दिलेला असतो. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या कलमानेही सरकारला दारूबंदीचा प्रयत्न करायला सांगताना औषधी उपयोग तेवढा वगळला आहे. बाजारात बाटली विकली जाते ती मौजेसाठी आणि कागदावर कारण लिहिले जाते आरोग्याचे. तेव्हा सामान्य माणूस दारूला औषध म्हणतो, यात त्याचा एकट्याचा दोष नाही.

आजारी माणूस मोजायचा राहिला

आता या दाव्यात खोट कुठे आहे ते पाहू. ती समजायला डॉक्टर असण्याची गरज नाही. युनियनमध्ये काम केलेल्या माणसाला ती लवकर समजेल.

कापसाच्या धुळीने छाती भरते, दमा लागतो, हे गिरणी कामगारांच्या घरात मुलांनाही माहीत असे. समजा, आपण तक्रार केली आणि व्यवस्थापनाने खात्यातील सर्वांची तपासणी करून अहवाल दिला की “खात्यात काम करणारे कामगार तर बाहेरच्या लोकांपेक्षा ठणठणीत आहेत, धुळीने काहीही होत नाही.” आपण काय विचारू? आपण विचारू, “साहेब, ज्यांची छाती गेली ते कुठे आहेत? ते तर काम सोडून गावी गेले. जे टिकले तेच तुम्ही मोजले. आणि बाहेरच्या लोकांत तर आजारी, अपंग, काम सोडलेले सगळेच आले.” आरोग्यशास्त्रात ही चूक फार जुनी आणि सर्वमान्य आहे. तिला ‘निरोगी कामगारांचा आभास’ म्हणता येईल.

दारूच्या अभ्यासात हीच चूक झाली. ‘न पिणारे’ म्हणून जो गट धरला, त्यात जन्मात कधी न घेतलेले होतेच, पण पूर्वी पीत असलेले आणि यकृत बिघडले, मधुमेह झाला, छातीत दुखले म्हणून डॉक्टरांनी बंद करायला लावलेलेही होते. म्हणजे आजारी पडलेले पिणारे ‘न पिणाऱ्यां’च्या खात्यात जमा झाले आणि जे पिऊनही टिकले ते ‘बेताने पिणाऱ्यां’च्या खात्यात राहिले. मग बेताने पिणारे निरोगी दिसणार नाहीत तर काय!

१९८८ साली ब्रिटनमधील शेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मुद्दा जोराने मांडला. २४ गावांतील मध्यमवयीन अशा ७ हजार ७३५ पुरुषांचा त्यांनी पाठपुरावा केला होता. न पिणाऱ्यांच्या गटात पूर्वी पिणारे आणि आधीच आजारी असलेले पुष्कळ आहेत, असे त्यांना आढळले. त्यानंतर या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाद चालला. २०२३ साली कॅनडातील संशोधकांनी जगभरातील १०७ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत सुमारे ४८ लाख माणसांची माहिती होती. अशा चुका दुरुस्त करून पाहिल्यावर थोडे पिणाऱ्यांचे आयुष्य कधीच न पिणाऱ्यांपेक्षा निश्चितपणे अधिक आहे, असे त्यांना दिसले नाही.

आणखी एक गोष्ट आहे. पाश्चात्त्य देशांत जेवणाबरोबर एक ग्लास वाइन घेणारा माणूस बहुधा बऱ्या पगाराचा, चांगले खाणारा, फिरायला जाणारा, वेळेवर डॉक्टरकडे जाणारा असतो. त्याचे हृदय चांगले असेल तर त्याचे श्रेय ग्लासला द्यायचे की पगाराला?

चीनमधील एका मोठ्या अभ्यासाने हा गुंता वेगळ्या मार्गाने सोडवला. तिकडच्या पुष्कळ लोकांना जन्मतःच दारू सोसत नाही. घेतली की चेहरा लाल होतो, मळमळते, म्हणून ते कमी पितात. हे आजारपणावर वा पगारावर ठरत नाही, आईबापांकडून आलेल्या गुणधर्मावर ठरते. जणू निसर्गानेच चिठ्ठ्या टाकून लोकांचे गट पाडले. सुमारे पाच लाख लोकांच्या या अभ्यासाचा निष्कर्ष २०१९ साली आला. पुरुषांत दारूचे प्रमाण वाढेल तसा पक्षाघाताचा धोका चढत जातो आणि थोड्या दारूने पक्षाघातापासून संरक्षण मिळत नाही, असे त्यात दिसले.

मग फायदा अजिबात नाही काय?

इथे आपण प्रामाणिक राहिले पाहिजे. आपल्याला सोयीचा तेवढाच आकडा सांगायचा, ही सवय दुसऱ्यांची. ती आपण उचलू नये.

दारूमुळे रक्तातील ज्याला चांगले कोलेस्टेरॉल म्हणतात ते वाढते आणि रक्त गोठण्याची क्रिया थोडी मंदावते. म्हणून हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकण्याचा, म्हणजे हार्ट अॅटॅकचा, धोका काहीसा कमी होत असावा, ही शंका निराधार नाही. २०१८ साली सुमारे सहा लाख पिणाऱ्यांच्या माहितीवरून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही हार्ट अॅटॅक तेवढा कमी दिसला. पण त्याच अभ्यासात पक्षाघात, हृदय दुबळे होणे, वाढलेल्या रक्तदाबाने येणारा मृत्यू, मुख्य रोहिणी फुगून फुटणे, हे सगळे दारूबरोबर वाढलेले दिसले. एका खिशात चार आणे पडले आणि दुसऱ्या खिशातून रुपया गेला, असा हा हिशेब आहे.

वाद पूर्ण मिटलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने अहवाल दिला की बेताने पिणाऱ्यांत एकूण मृत्यू कमी दिसतात, मात्र स्त्रियांत स्तनाचा कर्करोग वाढतो. लगेच पुढच्या महिन्यात त्याच देशाच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी दारू आणि कर्करोग यांच्या संबंधाबद्दल जाहीर इशारा दिला. २०२२ साली जागतिक आजारभाराच्या अभ्यासाने सांगितले की चाळिशीच्या आतल्यांना दारूचा आरोग्यासाठी काहीच फायदा नाही, धोकाच आहे. चाळिशीनंतर, ज्यांना दुसरा आजार नाही अशांना, अगदी थोड्या प्रमाणाचा काही लाभ होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की आरोग्याच्या दृष्टीने दारूची कोणतीही मात्रा पूर्ण सुरक्षित म्हणता येत नाही.

खरे-खोटे कायमचे ठरवायचे तर काही जणांना रोज एक पेला द्यायचा, काही जणांना द्यायचा नाही आणि वर्षानुवर्षे पाहत राहायचे, असा प्रयोग करावा लागेल. अमेरिकेत तो सुरूही झाला होता. पण त्याचा बराचसा पैसा दारू कंपन्यांकडून येणार होता आणि तो मागण्यात सरकारी संस्थेतीलच माणसांचा हात होता, असे उघड झाले. जून २०१८ मध्ये तो प्रयोग गुंडाळावा लागला. ज्याचा माल त्याच्याच पैशाने मालाची तपासणी होत असेल, तर तिच्यावर विश्वास किती ठेवावा हे कामगारांना सांगायला नको.

आपल्याकडचे काय?

ही सगळी परदेशची माहिती झाली. आपल्या माणसांवर काय दिसते? हृदयविकारावर ५२ देशांत झालेला एक मोठा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. एकंदरीत पाहता नियमित थोडे पिणाऱ्यांत हार्ट अॅटॅक कमी होता. पण २००७ साली त्यातील भारत, पाकिस्तान, श्रीलंका इकडच्या लोकांची माहिती वेगळी काढली, तेव्हा तो फायदा आपल्याकडे दिसला नाही. २०१० साली तर आपल्याच देशातील उद्योगांमधील सुमारे साडेचार हजार पुरुषांचा अभ्यास आला. त्यात पिणाऱ्यांत हृदयविकार कमी नव्हता, उलट जास्तच आढळला. ही एका वेळची पाहणी होती, तिलाही मर्यादा आहेत. पण ‘थोडी घेतली तर हृदयाला चांगली’ हे वाक्य भारतीय कामगारावर सिद्ध झालेले नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

याचे एक कारण आपल्या पिण्याच्या रीतीत असावे. आपल्याकडे कोणी जेवणाबरोबर तासभर एक पेला घेऊन बसत नाही. पाळी सुटली, उपाशी पोटी बारमध्ये उभ्या उभ्या घेतली आणि घरी गेले, किंवा शनिवारी एकदम बसले. इथे कन्नडमध्ये दारूला गमतीने ‘एण्णे’, म्हणजे तेल, म्हणतात. यंत्रात तेल घालावे तशी ती एकदम ओतली जाते. जे अभ्यास थोड्या दारूचा लाभ सांगतात, त्यांतही अशा एकदम पिण्याने लाभ नाहीसा होतो, असे आढळलेले आहे.

‘थोडी’ म्हणजे किती?

आता फळ्याकडे पाहा. हा हिशेब आम्ही मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिला आहे, कारण सगळा घोटाळा ‘थोडी’ या शब्दात आहे.

शुद्ध मद्यार्क १०० मिली असेल तर त्याचे वजन सुमारे ७९ ग्रॅम भरते. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, ब्रँडीत साधारण ४२.८ टक्के मद्यार्क असतो. म्हणून :

३० मिलीचा एक लहान पेग म्हणजे सुमारे १० ग्रॅम.
६० मिली म्हणजे सुमारे २० ग्रॅम.
‘नाइन्टी’ म्हणजे सुमारे ३० ग्रॅम.
१८० मिलीची क्वार्टर म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम.
६५० मिलीची ५ टक्क्यांची बिअर म्हणजे सुमारे २६ ग्रॅम, आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर असेल तर सुमारे ४१ ग्रॅम.

‘आपण फक्त बिअर घेतो’ असे म्हणणाऱ्यांनी शेवटची ओळ पुन्हा वाचावी. एक बाटली स्ट्राँग बिअर म्हणजे व्हिस्कीचे चार लहान पेग.

सहा लाख लोकांच्या ज्या अभ्यासाचा उल्लेख केला, त्यात आठवड्याला १०० ग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. त्या पुढे ते चढत जाते. चाळिशीच्या माणसाचे आयुष्य आठवड्याला १०० ते २०० ग्रॅम घेणाऱ्याचे सुमारे सहा महिन्यांनी, २०० ते ३५० ग्रॅम घेणाऱ्याचे एक ते दोन वर्षांनी आणि त्याहून जास्त घेणाऱ्याचे चार ते पाच वर्षांनी कमी होते, असा अंदाज त्यांनी मांडला.

हे आपल्याला लावून पाहू. शनिवारी एक क्वार्टर आणि रविवारी एक क्वार्टर : १२२ ग्रॅम. मर्यादा ओलांडली. रोज नाइन्टी : आठवड्याला २१० ग्रॅमच्या वर, म्हणजे एक-दोन वर्षे कमी होणाऱ्यांच्या गटात. रोज क्वार्टर : ४२५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे थेट शेवटच्या गटात. आमचे ज्येष्ठ सहकारी अखेरच्या काळात याच गटात होते आणि स्वतःला बेताने पिणारा समजत होते.

आणखी एक माप आहे. एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा जास्त मद्यार्क महिन्यातून एकदा जरी घेतला, तरी जागतिक आरोग्य संघटना त्याला ‘प्रसंगी अतिमद्यपान’ धरते. एका बैठकीत संपवलेली क्वार्टर नेमकी त्यात बसते. आपल्या भाषेत जी ‘थोडी’, ती त्यांच्या भाषेत ‘अति’ आहे.

जे निश्चित आहे ते

फायद्याबद्दल वाद आहे, पण काही तोट्यांबद्दल वाद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या वर्गात घातले. अॅस्बेस्टॉस त्याच वर्गात आहे. अॅस्बेस्टॉसविरुद्ध आपण मोर्चे काढले, दारूचे नाव त्या यादीत आहे हे मात्र आपल्यातल्या किती जणांना माहीत होते? तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठे आतडे आणि स्त्रियांच्या स्तनाचा कर्करोग यांच्याशी दारूचा संबंध आहे. शरीरात दारूचे जे पहिले विघटन होते, त्यातून निघणारे द्रव्य पेशींच्या मूळ रचनेला इजा करते. व्हिस्की असो, वाइन असो वा ताडी, मद्यार्क तोच आणि विघटनही तेच.

तंबाखू-चुना चोळणाऱ्यांनी इकडे विशेष लक्ष द्यावे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांनी गालाच्या आतील कर्करोगाचे सुमारे १,८०० रुग्ण आणि साधारण तितकीच निरोगी माणसे यांची तुलना केली. २०२५ च्या अखेरीस ती प्रसिद्ध झाली. दिवसाला सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे एका लहान पेगाइतक्या दारूनेही हा धोका सुमारे दीडपट होतो, असे त्यात आढळले. तंबाखू आणि दारू एकत्र आली की धोका कितीतरी पटींनी चढतो.

दारूने रक्तदाब वाढतो, झोप लागल्यासारखी वाटते पण उथळ होते, उन्हातल्या किंवा भट्टीजवळच्या कामात शरीरातील पाणी कमी होते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उपाशी पोटी दारू घेतल्यास धोकादायक उतरू शकते. क्षयरोगाची औषधे चालू असतील तर यकृतावर दुहेरी भार पडतो. गरोदर भगिनींसाठी सुरक्षित मात्रा नाहीच. स्त्रियांच्या शरीरावर तेवढ्याच दारूचा परिणाम पुरुषांपेक्षा जास्त होतो.

कायद्याची बाजू

यकृत बिघडायला वर्षे लागतात, नोकरी जायला एक पाळी पुरते. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असलेला चालक गुन्हेगार ठरतो. साठ किलो वजनाच्या माणसाने घाईने साठ मिली घेतली तरी तो ही रेषा ओलांडू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. रिंग रोडवरून रात्री दुचाकीने घरी जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट भरपाईची. ज्या अपघातात मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आलेले नाही, त्याला कामगाराची नशा थेट कारणीभूत असेल, तर भरपाई देण्याचे बंधन मालकावर राहत नाही. १९२३ च्या कायद्यात ही तरतूद होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. म्हणजे यंत्राला संरक्षक जाळी नव्हती, पाळी बारा तासांची होती, तरी कामगाराच्या तोंडाला वास आला की सगळे बोट त्याच्याकडे वळते. इथे ‘थेट’ हा शब्द महत्त्वाचा आहे, तो आपण लढताना सोडता कामा नये. पण सुट्टीत घेतलेला एक पेग दुसऱ्या बाजूच्या वकिलाच्या हाती आयते हत्यार देतो, हेही विसरता कामा नये.

मग करायचे काय?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. जो घेत नाही, त्याने आरोग्यासाठी म्हणून सुरू करू नये. जगातला कोणताही जबाबदार डॉक्टर तसा सल्ला देणार नाही. हृदयाची काळजी असेल तर रक्तदाब तपासणे, गोळ्या नियमित घेणे, तंबाखू सोडणे, चालणे, मीठ कमी करणे, हे खात्रीचे उपाय आहेत आणि क्वार्टरपेक्षा स्वस्त आहेत. जो घेतो, त्याने निदान मोजून घ्यावी, उपाशी पोटी घेऊ नये, कामाआधी आणि गाडी चालवण्याआधी घेऊ नये, आणि मनात ‘औषध’ हा शब्द आणू नये. मौज असेल तर तिला मौज म्हणावे. औषध म्हटले की ते रोज घ्यावेसे वाटते, तिथेच घात होतो.

जो रोज भरपूर घेतो, त्याने मात्र एका दिवसात स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये. हात कापणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार होऊन जिवावर बेतू शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. बंगळूरच्या निम्हान्समध्ये यासाठी स्वतंत्र विभाग आहे. पुण्यात १९८६ सालापासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र काम करते आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी आहेत.

आता युनियनचे काम. व्यसनाला आजार मानून उपचारासाठी रजा मिळावी आणि उपचारानंतर माणूस कामावर परत यावा, ही मागणी आपण मांडली पाहिजे. सलग रात्रपाळ्या, सक्तीचा ओव्हरटाइम, कंत्राटी कामगाराची उद्याची धास्ती, अंगदुखी, या गोष्टी माणसाला बारच्या दारापर्यंत नेतात. त्यांच्याशी न लढता नुसते दारूवर बोलणे ढोंगीपणाचे होईल. कर्नाटकात जुलै २००७ पासून सारायी बंद झाली. पुढच्याच वर्षी, मे २००८ मध्ये, बंगळूर आणि शेजारच्या कृष्णगिरी परिसरात विषारी दारूने दीडशेवर माणसे दगावली, त्यांत बहुतेक कष्टकरी होती. केवळ बंदीने काम भागत नाही, हे त्यातून शिकायचे. आणि एक काम आपल्या हातात आजपासून आहे. युनियनच्या निरोप समारंभांना, निवडणुकीच्या विजयाला, बोनसच्या दिवशी बाटली नको. हा ठराव आम्ही आमच्या कार्यालयापुरता केला आहे.

आमचे ते सहकारी आता काठीने चालतात. उजव्या हाताला अजून पकड नाही. गेल्या महिन्यात ते कार्यालयात आले, नेहमीच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “वाचा आज काय आले आहे ते.” आम्ही वाचले. पण आता एक नियम पाळतो. आरोग्याची बातमी असेल तर कोणी केले, किती माणसांवर केले, पैसा कोणाचा होता आणि आजारी पडलेले मोजले होते का, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पान उलटत नाही.

हेच चार प्रश्न तुम्हीही घरी घेऊन जा, एवढीच विनंती. आता शंका विचारा. कोणाला सगळ्यांसमोर विचारायला संकोच वाटत असेल, तर आम्ही चहाच्या वेळी बाहेर व्हरांड्यात थांबणार आहोत.